वेध पाळणे आणि वेध घेणे

आपल्या मराठीत काही शब्द मोठे गमतीचे आहेत. एकाच घरात दोन सख्खे भाऊ राहावेत, एकाने दाराला आतून कडी लावावी आणि दुसऱ्याने तेच दार सताड उघडावे, तसे त्यांचे अर्थ असतात. 'वेध' हा शब्द त्यांतलाच. सूर्यग्रहण लागण्याच्या चार प्रहर आधी वेध लागतात. मग खायचे नाही, चिरायचे नाही, शिवायचे नाही, घराबाहेर पडायचे नाही. हे झाले वेध पाळणे. आणि आकाशाकडे नळी रोखून ग्रहताऱ्यांची जागा निरखायची, मोजायची, मांडून ठेवायची, हे वेध घेणे. ज्या जागी ते घेतात ती वेधशाळा. एका वेधात डोळे मिटावयाचे, दुसऱ्यात उघडावयाचे.

महाराष्ट्रातली माणसे पहिल्या वेधाकडून दुसऱ्या वेधाकडे कशी सरकत आली, याची हकीगत या दिवाळीत सांगावी असे मनात आहे. मी इतिहासकार नव्हे. मॅट्रिकपुढे माझी मजल गेली नाही. करमाळा तालुक्यातल्या एका शाळेत मी मुलांना चित्रकला शिकवतो आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहितो. पण या इतिहासाची एक ओळ माझ्या तोंडावरच लिहिलेली आहे. तेव्हा ती वाचून दाखविण्याचा थोडासा अधिकार मला पोहोचतो.

१६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. त्या दुपारी सूर्याला खग्रास ग्रहण लागले. खग्रासाचा पट्टा कारवारकडील अंकोल्यावरून हुबळी, रायचूर असा गेला. आमच्या बाजूस ग्रहण खंडग्रास होते, पण ऊन पार पिवळे पडेल एवढे मोठे. मी तेव्हा आईच्या पोटात होतो. सहावा महिना सरत होता. आईचे वय वीस. सासूने तिला सकाळपासून माजघरात बसविले होते. हालायचे नाही, कूस बदलायची नाही, हाताला लोखंड लावायचे नाही.

आमच्या आजोबांना पानाशिवाय दम निघत नसे. वेध सगळ्यांनी पाळावेत, पण पान त्यातून वगळावे, असा त्यांचा शास्त्रार्थ होता. ग्रहण मध्यावर आले असता त्यांनी ओसरीवरून हाक मारली, "सूनबाई, सुपारी दे गं कातरून." सासऱ्याचा शब्द मोडायचा की ग्रहणाचा नेम मोडायचा? वीस वर्षांच्या पोरीने अडकित्ता उचलला.

मे महिन्यात मी जन्मलो तो वरचा ओठ दुभंगलेला घेऊन. सुइणीने मला बघितले, आजीने बघितले, आणि निकाल लागला. "सुपारी कातरली ना? बघ आता." आजोबांना कोणी काही बोलले नाही. गावात माझे नाव पडले 'गरणाचे पोर'. पुढे आईने मला जेऊरच्या स्थानकावरून आगगाडीने पुण्याला नेले आणि तिथे टाके घालून घेतले. आज ती खूण मिशीखाली झाकून जाते. आईची खूण मात्र झाकली नाही. त्या दिवसापासून तिने अडकित्त्याला हात लावला नाही. आमच्याकडे हळदीकुंकू असले की सुपारी शेजारीण कातरून देई. माझ्याशी बोलताना आईची नजर आधी माझ्या ओठावर जाई, मग डोळ्यांवर. हे मी चाळीस वर्षे पाहिले.

आता मौज पाहा. ज्या जेऊरच्या स्थानकावर माझी आई मला पदराखाली झाकून गाडीची वाट पाहत बसली होती, त्याच जेऊरला त्याआधी ब्याऐंशी वर्षे साऱ्या जगाचे डोळे लागले होते, आणि तेही ग्रहणापायीच.

२२ जानेवारी १८९८ रोजी चंद्राची गडद छाया कोकणच्या किनाऱ्यावर उतरली, सह्याद्री ओलांडून देशावर आली आणि वऱ्हाडावरून पुढे ईशान्येकडे निघून गेली. एका जागी खग्रास टिकणार ते जेमतेम दोन मिनिटे. या दोन मिनिटांसाठी अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल जेऊरला येऊन राहिले. पत्नी बरोबर होत्या. चाळीस फूट लांबीचा प्रचंड कॅमेरा त्यांनी आमच्या माळावर उभा केला. जवळच दुसरा तळ होता तो पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांचा. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून त्यांनी पुण्यात वेधशाळा उभी केली होती आणि तिच्यातली आरशाची दुर्बीण ही त्या काळी हिंदुस्थानातली मोठीच दुर्बीण होती. १९१२ साली ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. पण जेऊरच्या ग्रहणाचा त्यांचा अहवाल छापलेला आहे. आमच्या गावाचे नाव त्याच्या मुखपृष्ठावर आहे, आणि गावात कोणाला त्याचा पत्ता नाही.

त्याच दिवशी कोकणात विजयदुर्गच्या किल्ल्यावर नॉर्मन लॉकियर यांचा तळ पडला होता. लढाऊ जहाजावरच्या खलाशांना त्यांनी ग्रहण टिपण्याचे धडे दिले आणि दोन मिनिटांची कामे वाटून दिली. किल्ल्यावरचे 'साहेबाचे कट्टे' आजही दाखवितात. लोक सांगतात की लॉकियरने हेलियमचा शोध येथेच लावला. ती गोष्ट मात्र खरी नव्हे. हेलियमची पिवळी रेषा उजेडात आली ती १८६८ साली. त्या वर्षीच्या १८ ऑगस्टच्या ग्रहणात फ्रेंच ज्योतिषी यान्सेन गुंटूरला होते आणि लॉकियर इंग्लंडात. विजयदुर्गला ते आले ते तीस वर्षांनी. कट्टे खरे, साहेब खरा, सालात मात्र गल्लत. किल्ल्याचा मान त्याने कमी होत नाही.

तिसरा तळ होता वऱ्हाडात लोहमार्गावरच्या तळणी गावी, आणि माझ्या हकीगतीत त्याचे महत्त्व अधिक. कारण तिथे आलेली मंडळी एका हौशी मंडळाची होती. ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन ही संस्था १८९० साली निघाली. पदवी, पेशा यांची अट न घालता ज्याला आकाशाची आवड आहे त्याने यावे, बायकांनीही यावे, अशी तिची रीत. तळणीच्या माळावर त्या दिवशी ॲनी माँडर नावाच्या बाई होत्या. ग्रीनिचच्या वेधशाळेत त्या गणिताचे काम करीत. १८९५ साली लग्न झाले आणि तिथल्या नियमाप्रमाणे नोकरी सोडावी लागली. पण आकाश सुटले नाही. आपला लहानसा कॅमेरा घेऊन त्या वऱ्हाडात आल्या आणि सूर्याच्या प्रभामंडलातून निघालेला एक किरण त्यांनी असा टिपला की एवढा लांब किरण तोवर कोणाच्या काचेवर उतरला नव्हता.

हे वाचले तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. त्याच वऱ्हाडात, त्याच दुपारी, त्याच दोन मिनिटांत, माझ्या आईसारख्या किती बायका माजघराच्या अंधारात अंग चोरून बसल्या असतील! एक बाई सात समुद्र ओलांडून जे पाहायला आली, ते दाराबाहेर असून इतरांना वर्ज्य होते.

याचा अर्थ आमच्याकडे ज्ञान नव्हते असा कोणी करील तर तो आपल्या पूर्वजांवर अन्याय होईल. ग्रहण म्हणजे छाया, हे आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्येच सांगून ठेवले आहे. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० साली 'ग्रहलाघव' लिहिले. ग्रहगणित इतके सोपे करून दिले की पुढे शतकानुशतके आमची पंचांगे त्यावर चालली. म्हणजे गंमत अशी की ग्रहण किती वाजता लागणार आणि किती वाजता सुटणार हे घड्याळाच्या काट्याबरोबर सांगणारे पंचांग, आणि राहू सूर्याला गिळतो म्हणून आंघोळीला पळणारे घर, ही दोन्ही एकाच भिंतीला टेकून उभी होती. पंचांग खुंटीवर आणि भीती उंबऱ्यात. दोघांची कधी ओळखच करून दिली गेली नाही.

ती ओळख करून देण्याचे काम एका मास्तराने हाती घेतले. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे त्यांचे नाव. १८५३ साली दापोलीजवळच्या मुरूड गावी ते जन्मले. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, पेशा शाळामास्तरकीचा. अशा माणसाने 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा महाग्रंथ १८९६ साली सिद्ध केला, आणि त्याच वर्षी रॉबर्ट सिवेल यांच्याबरोबर हिंदी पंचांगावरचा इंग्रजी ग्रंथही. पण मला अधिक जवळचे वाटते ते त्यांचे लहान पुस्तक, 'ज्योतिर्विलास'. त्याला त्यांनी दुसरे नाव दिले 'रात्रीची दोन घटका मौज'. मौज! शाप नाही, कोप नाही, पिडा नाही. जेवून अंगणात या, वर बघा, दोन घटका मौज करा. महाराष्ट्रात जी आकाशदर्शनाची मंडळे पुढे निघाली त्यांची सगळी घटना मला या चार शब्दांत दिसते. जेऊरचे ग्रहण झाले त्याच वर्षी, १८९८च्या एप्रिलात, दीक्षित वारले. वय पंचेचाळीसही पुरे नव्हते. मी आज त्याच वयाचा, मॅट्रिक आणि मास्तर. माझ्या हातून काय झाले हा प्रश्न मी स्वतःला विचारीत नाही. दिवाळीचे दिवस आहेत.

दीक्षितांचे अंगण पुढे वाढत गेले. १९४४ साली पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था निघाली. हौशी आकाशनिरीक्षकांची ही आपल्या देशातली सर्वांत जुनी संस्था. १९५४ साली पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कुलात तारांगण उभे राहिले. शाळेच्या आवारात तारांगण, ही गोष्ट मास्तर म्हणून मला फार गोड वाटते. १९७७ साली मुंबईला नेहरू तारांगण झाले. जयंत नारळीकर १९७२ साली परदेशातून परत आले आणि त्यांनी मराठीत व्याख्याने, कथा, लेख यांचा सपाटा लावला. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत, की पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. २०२५च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा अशी पोस्टकार्डे किती घरांतल्या पेट्यांतून बाहेर निघाली असतील!

हे सगळे असूनही १९८०च्या त्या दुपारी शहरांतले रस्तेसुद्धा ओस पडले होते. ज्ञान एका जागी असते आणि ते घरोघर पोहोचणे ही निराळीच गोष्ट असते. मध्ये कोणीतरी हमाल लागतो. ते हमालीचे काम मंडळांनी केले. १९८६ साली हॅलेचा धूमकेतू आला. खरे तर त्या खेपेस त्याने निराशाच केली, फिकटसा दिसला. पण त्याच्या निमित्ताने पुष्कळ माणसे गच्चीवर चढली आणि उतरायचे विसरली. मुंबईचे खगोल मंडळ त्याच सुमारास निघाले. शहराच्या दिव्यांपासून दूर, बदलापूरपुढच्या वांगणीला, त्यांनी रात्र रात्र आकाश दाखविण्याचे वर्ग भरविले. आता तालुक्या-तालुक्याला अशी मंडळे आहेत. आमच्याकडचेही त्यांतलेच एक.

आमचे मंडळ म्हणजे दहा-बारा माणसे. एक औषधविक्रेता, एक एस. टी.चा वाहक, एक गणिताचे मास्तर, एक दवाखाना चालविणाऱ्या डॉक्टरीणबाई, एक कांद्याचा व्यापारी, आणि नकाशे काढायला मी. महिन्याच्या अमावस्येजवळच्या शनिवारी उजनीच्या पाण्याच्या कडेला, जिथे दिवे नाहीत, तिथे आम्ही दुर्बीण लावतो. येईल त्याने पाहावे. पैसा नाही, पावती नाही. रांग मात्र आहे, आणि रांगेत सरपंच आणि सालगडी पुढे-मागे उभे असतात.

दुर्बीण आमची घरची आहे. काचेच्या दोन जाड चकत्या घ्यायच्या, मध्ये पाणी आणि घासण्याची पूड घालायची आणि एकीवर दुसरी घाशीत राहायचे. निसर्गाचा चमत्कार असा की वरची चकती आपोआप खोलगट होते आणि खालची फुगीर. पुढे पूड बारीक बारीक होत जाते, शेवटी डांबराच्या थरावर चकाकी आणावयाची, आणि मग त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ लेप चढवून आणावयाचा. आठ इंची आरशाला आमची दोन उन्हाळी सुट्ट्यांची संध्याकाळ गेली. वाहक म्हणाले, "एवढी चकरा गाडीला मारल्या असत्या तर काशीला पोहोचलो असतो."

ती ज्या लाकडी बैठकीवर फिरते, ती बैठक आम्ही जॉन डॉब्सन यांच्या तऱ्हेने बनविली. हे गृहस्थ अमेरिकेतले. १९१५ साली पेकिंगला जन्मले आणि १९४४ साली, म्हणजे पुण्याची परिसंस्था निघाली त्याच वर्षी, सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात रामकृष्ण संघाचे साधू झाले. मठात राहून त्यांनी जुन्या जहाजी खिडक्यांच्या काचा घासून आरसे केले, पुठ्ठ्याच्या नळ्या, प्लायवूडच्या पेट्या जमविल्या आणि रात्री शेजारपाजारच्या मुलांना शनीची कडी दाखवू लागले. या नादापायी १९६७ साली मठ सुटला. पुढल्या वर्षी त्यांनी सोबत्यांना घेऊन पदपथावर दुर्बीण मांडली आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला हाका मारू लागले. २०१४ साली अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी वारेपर्यंत त्यांचा हा धर्म चालू होता. स्वस्तातली मोठी दुर्बीण सामान्य माणसाच्या हाती आली ती मुख्यतः त्यांच्यामुळे. त्यांनी त्या बैठकीचा हक्क राखून ठेवला नाही.

इतके सगळे मी मंडळात शिकलो. पण मंडळात मी गेलो कसा, ते राहिलेच.

२४ ऑक्टोबर १९९५, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. पुन्हा सूर्यग्रहण. खग्रास राजस्थानापासून बंगालपर्यंत, आमच्याकडे खंडग्रास. मी पंधरा वर्षांचा. आमच्या शास्त्राच्या मास्तरांनी शाळेच्या पटांगणावर पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून कागदावर सूर्याची प्रतिमा दाखविण्याचे ठरविले होते. मी निघालो तर आई दारात आडवी झाली. रागावली नाही, नुसती दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिली. म्हणाली, "एकदा भोगलंय. आता न्हाई." मी मागे फिरलो. तिने दार लावले, खिडकीला घोंगडी लावली.

आमचे घर पत्र्याचे. पूर्वेच्या पत्र्याला खिळ्यांची जुनी भोके होती आणि त्यांतून समोरच्या मातीच्या भिंतीवर कवडसे पडत. रोज ते गोल असत. त्या सकाळी बघता बघता त्यांची एक कड खाल्ली गेली आणि भिंतीवर वीस-पंचवीस लहान लहान कोरी उगवल्या, बीजेच्या चंद्रासारख्या. ज्या ग्रहणापासून मला लपविले होते ते वीस-पंचवीस जागी घरात आले होते. प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याचे चित्र असते, हे मला त्या दिवशी कळले. मी पेन्सिल घेतली आणि भिंतीवर त्या कोरींच्या कडा गिरवू लागलो. आईने पाहिले. ती काही बोलली नाही. दुसरी घोंगडी आणून तिने पत्र्याच्या आतून लावली. पण घोंगडी टांगताना ती क्षणभर थांबली होती, आणि एक कोर तिच्या हाताच्या पाठीवर पडली होती. ती तिने पाहिली, हे मी पाहिले.

त्यानंतर सत्तावीस वर्षे गेली. आजोबा गेले, आजी गेली, वडील गेले. मी चित्रकलेचा मास्तर झालो, मंडळात शिरलो, लोकांना ग्रहणे दाखवू लागलो. घरातल्या माणसाला दाखविणे मात्र मला जमले नाही. परक्याचे भय आपण हसून घालवू शकतो, आईच्या भयाला हात लावायला हात धजत नाही.

मग आली २०२२ची दिवाळी. २५ ऑक्टोबरला सूर्यग्रहण, पुन्हा लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी. यंदा ते संध्याकाळी पाचच्या सुमारास लागणार आणि ग्रहण लागलेलाच सूर्य मावळणार. पंचांगात याला 'ग्रस्तास्त' असा सुरेख शब्द आहे. मंडळाने शाळेच्या पटांगणावर पडदा लावला, तपासून घेतलेले चष्मे ठेवले आणि नेहमीप्रमाणे डॉक्टरीणबाई एका खुर्चीवर बसल्या. ग्रहणाच्या दिवशी त्यांचे काम एकच. गरोदर बायका येतात, त्यांच्या सासवा येतात, त्यांच्या शंकांना उत्तरे द्यायची.

आई माझा डबा घेऊन आली होती. वेध आहेत म्हणून स्वतः उपाशी, पण मुलगा उपाशी राहील म्हणून डबा. ही आईची सोय साऱ्या शास्त्रांच्या वर असते. डबा ठेवून ती परत फिरणार, तोच डॉक्टरीणबाईंनी तिला बसवून घेतले. इकडतिकडचे बोलणे झाले. माझ्या ओठाची गोष्ट गावाला ठाऊकच होती.

"मावशी, ग्रहण झालं तेव्हा कितवा महिना होता?"

"सहावा सरत हुता."

बाईंनी आपली बोटे पुढे केली आणि आईला मोजायला लावले. "पोर मे महिन्यातलं. म्हणजे दिवस राहिले ऑगस्टात. पोटात बाळाचा ओठ दुसऱ्या महिन्यातच सांधला जातो, मावशी. तो सांधायचा राहिला असेल तर ऑक्टोबरात राहिला, आदल्या वर्षीच्या दिवाळीच्या आसपास. तुम्ही सुपारी कातरलीत फेब्रुवारीत. तेव्हा ह्याचा ओठ जसा होता तसा होऊन चार महिने लोटले होते."

आई गप्प बसली. मग तिने स्वतः बोटे मोजली. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. पुन्हा पहिल्यापासून मोजली. एखादी बाई बाजारात हिशेब दोनदा करते तशी. मी पडद्याजवळ उभा होतो. माझ्या हातातला पुठ्ठा हलत होता आणि पडद्यावरचा सूर्य थरथरत होता. पोरे ओरडली, "सर, नीट धरा की!"

"मग त्या सुपारीनं काय झालं?" आईने विचारले.

"मामंजींचं पान रंगलं," बाई म्हणाल्या.

आई हसली. हसता हसता तिने पदर तोंडाला लावला तो बराच वेळ काढला नाही. मी तिकडे गेलो नाही. काही वेळा माणसाला एकट्याने मोजू द्यावे.

सूर्य तसाच कोर तुटलेला मावळला. अंधार पडल्यावर आम्ही दुर्बीण शनीवर लावली. मकर राशीत तो दक्षिणेला छान वर आला होता. रांग लागली. आई रांगेत होती. तिची पाळी आली तेव्हा मी तिला सांगितले की एक डोळा मीट आणि नळीला हात लावू नकोस. तिने डोळा लावला. जन्मभर जिला शनिवारी तेल आणि रुईची पाने वाहिली त्या ग्रहाकडे ती पाहत होती, आणि त्याच्याभोवती नाजूक कडे होते, बाळाच्या मनगटातल्या वाळ्यासारखे.

"एवढासा हाय व्हय?" ती म्हणाली. आणि मागच्या माणसाला जागा देऊन बाजूला झाली.

पाडव्याच्या सकाळी मी उठलो तो खडखड आवाजाने. आई ओसरीवर बसून राखेने आणि लिंबाने अडकित्ता घाशीत होती. बेचाळीस वर्षांचा गंज होता, सहज निघणारा नव्हता. मी मदतीला बसलो तर म्हणाली, "तू आरसा घासतोस न्हवं? मला ह्यो घासू दे."

पंधरा दिवसांनी, ८ नोव्हेंबरला, कार्तिकी पौर्णिमा होती आणि चंद्रग्रहण. या खेपेस चंद्र ग्रासलेलाच उगवणार होता. पंचांगाचा त्यालाही शब्द आहे, 'ग्रस्तोदित'. मी घरी पोहोचलो तो आई अंगणात नव्हती. शेजारच्या सुनेला तेव्हा दिवस होते. तिच्या सासूने तिला आत कोंडले होते. मी कुंपणावरून डोकावलो. आई त्यांच्या ओसरीवर उभी होती, मांडीएवढ्या उंच उंबऱ्याच्या अलीकडे, आणि त्या पोरीचा हात हातात घेऊन विचारीत होती,

"कितवा महिना गं तुझा? मोज बघू."